यादीत नसलेली बंदूक

गुरुवार, सहा नोव्हेंबर. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी रॉय कोस्केलाने तळघरातली तिजोरी उघडली, तेव्हा आत चौदा बंदुका होत्या. यादीत तेरा होत्या.

त्याने पुन्हा मोजल्या. आधी डावीकडून उजवीकडे, मग उलट. चौदाच.

रॉय मोजण्यात चुकणारा माणूस नव्हता. शेरीफच्या कचेरीत त्याने सव्वीस वर्षं मुद्देमालाची खोली सांभाळली होती. खुनातला सुरा असो की चोरीची सायकल, त्याच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक वस्तूला चिठ्ठी होती, चिठ्ठीला पांढरा दोरा होता आणि दोऱ्याला त्याची ठरलेली गाठ होती. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, सवय काही निवृत्त झाली नव्हती.

घरच्या बंदुकांची यादी मात्र त्याने यंदाच केली. मागच्या वर्षी हरणांच्या हंगामात, माणसं रानातल्या खोपट्यांवर मुक्कामाला गेलेली असताना, ऑटर रोडवरची तीन घरं फुटली. त्यात हॅरल्ड साल्मी नावाच्या शेजाऱ्याच्या पाच रायफली गेल्या. त्यातल्या दोन पुढे शेजारच्या राज्यात सापडल्या. हॅरल्ड खिशात नंबरांची चिठ्ठी घेऊन पाच तास गाडी हाकत गेला आणि हात हलवत परत आला. चिठ्ठीवर दोन्ही रायफलींचा नंबर एकच होता. नळीवर ठळक अक्षरांत असतो तो पेटंटचा नंबर त्याने बंदुकीचा समजून उतरवला होता, आणि तो त्या जातीच्या प्रत्येक बंदुकीवर सारखाच असतो. खरा नंबर खालच्या अंगाला होता, बारीक. तो हॅरल्डने कधी बघितलाच नव्हता.

रॉयची यादी तशी नव्हती. बनावट, नळीचं माप, खरा नंबर. दोन्ही बाजूंचे फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून. दस्त्यावरच्या प्रत्येक ओरखड्याचा वेगळा फोटो. यादीची एक प्रत बँकेच्या लॉकरमध्ये, एक डुलुथला बहिणीकडे. त्यावर आणखी एक गोष्ट: प्रत्येक बंदुकीच्या दस्त्याच्या टोकाला असलेली पट्टी उघडून त्याने आतल्या लाकडावर स्वतःचा गाडीच्या लायसन्सचा नंबर कोरला होता आणि पट्टी पुन्हा आवळून टाकली होती. चोर बाहेरचा नंबर घासून काढतात. पट्टी उघडून बघायचं त्यांना सुचत नाही. तिजोरी चार बोल्टांनी तळघराच्या काँक्रीटमध्ये बसवलेली होती, सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, भिंतीला लागून. कुलुपाचे आकडे त्याच्या आणि त्याची बायको आयला हिच्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हते, आणि आयला तर बंदुकांची अॅलर्जी असल्यासारखी त्या कोपऱ्याकडे फिरकत नसे.

चौदावी बंदूक त्याने बाहेर काढली. ओळखायला यादीची गरज नव्हती. दस्त्याच्या गालावर हरणाच्या शिंगाचा तुकडा बसवलेला होता. ट्रकच्या दारात चेपून फुटलेला दस्ता ग्लेनने स्वतः असा दुरुस्त केला होता.

ग्लेन ट्रूडेल रस्त्याच्या पलीकडे राहत होता. गेली चाळीस वर्षं.

रॉयने रायफल ब्लँकेटमध्ये गुंडाळली आणि चालत गेला. ग्लेन स्वयंपाकघरात होता. टेबलावर कालची मांसाची करंजी अर्धी खाऊन तशीच पडली होती. त्याची बायको पॅम वसंतात घर सोडून गेली, तेव्हापासून त्या घरात सगळं अर्धवटच खाल्लं जाई.

रॉयने ब्लँकेट उघडलं. ग्लेनने बघितलं आणि हसायला लागला.

"चोरून परत आणून देणारा चोर पहिल्यांदाच बघतोय, लेका."

"ग्लेन, मी मस्करी करत नाहीये."

"ते माहितेय. तू कधी केली आहेस? स्वतःच्या लग्नात पाहुणे मोजत उभा होतास."

"माझ्या तिजोरीत होती ही. तू ठेवलीस का?"

"तुझ्या तिजोरीत? तिथे तुझी बायको जात नाही, मी कुठे जाऊ!"

तो उठून बैठकीत गेला. काचेचं कपाट कुलूपबंद होतं आणि किल्ली त्याच्या कमरेच्या जुडग्यात होती. काच शाबूत होती. आत सहा खाचा, पाच बंदुका. ग्लेन त्या रिकाम्या खाचेकडे बघत राहिला. हसू कधी मावळलं ते रॉयला कळलं नाही.

"काल संध्याकाळी होती," ग्लेन म्हणाला. "मी काढली होती. बराच वेळ हातात होती. मग परत ठेवली आणि कुलूप लावलं."

"म्हणजे कोणीतरी..."

"रॉय, एक काम कर. ठेव ती तुझ्याकडे." तो रॉयकडे न बघता बोलत होता. "हंगाम सुरू होईपर्यंत. नाहीतर नाताळपर्यंत. वाटलं तर बाकीच्याही पाच घेऊन जा."

त्या भागात हे नवं नव्हतं. घरात कोणाचं बरं चाललेलं नसलं की माणसं काही दिवस आपल्या बंदुका शेजाऱ्याकडे नेऊन ठेवतात, आणि कोणी कारण विचारत नाही. रॉयला ते ठाऊक होतं. पण त्या क्षणी त्याच्या डोक्यात फक्त आकडा होता. तेरा.

"यादीत नाही ती माझ्याकडे राहणार नाही," तो म्हणाला. "उद्या चोरी झाली तर मी काय दाखवू? कोणाची म्हणून सांगू?"

ग्लेनने मान हलवली. "बरोबर आहे. तुझं बरोबरच असतं, बाबा."

त्याने रायफल घेतली.

शनिवारी, आठ तारखेला, दुपारी तीनच्या सुमारास ग्लेन ट्रूडेल आपल्या स्वयंपाकघरात मेला. शेरीफच्या माणसाने लिहिलं: बंदूक साफ करताना अपघात. तीस वर्षं ग्लेनने गावातल्या पोरापोरींना शिकार शिकवली होती, आणि पहिल्या दिवसाचा पहिला धडा एकच असायचा: साफ करायला घेण्याआधी नळी रिकामी आहे का ते तीनदा बघा. हे लिहिणाऱ्यालाही माहीत होतं. तोही त्याच वर्गातून गेला होता.

रॉयने कोणाला काही सांगितलं नाही. सांगणार काय? त्या संध्याकाळी त्याने तिजोरीच्या कुलुपाचे आकडे बदलले आणि नवे आकडे आयलालासुद्धा सांगितले नाहीत. दाराच्या फटीवर त्याने लाल चिकटपट्टी लावली, कचेरीत लावायचा तशी, तिच्यावर अर्धी दारावर नि अर्धी चौकटीवर येईल अशी सही केली आणि वेळ लिहिली. सहा वाजून पाच मिनिटं.

रविवारी सकाळी पट्टी जशीच्या तशी होती. सोमवारी सकाळीही. नखाने कुठे उचकटलेलं नव्हतं, सही जुळत होती. त्याने पट्टी कापली आणि दार उघडलं.

चौदा.

या खेपेला छऱ्यांची जुनी एकनळी बंदूक होती, बायकामाणसालाही पेलेल इतकी हलकी. तिच्यावर नंबरच नव्हता. साठ वर्षांपूर्वीच्या स्वस्त बंदुकांवर तो घालतच नसत. पण दस्त्याला तांब्याच्या तारेचे सात वेढे होते. ते वेढे देताना रॉयने पाहिलं होतं. रस्त्याच्या टोकाला राहणाऱ्या डोरिस न्येमीबाईंच्या नवऱ्याची होती ती. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती आणि बाई एकोणऐंशीच्या होत्या.

रॉयचा हात बंदुकीवर होता. त्याने तो मागे घेतला. बंदूक होती तिथेच ठेवून त्याने दार लावलं, नवी चिकटपट्टी लावून तिच्यावर सही केली, आणि रिकाम्या हातांनी पिकअपमध्ये बसला.

न्येमीबाईंनी दार उघडायला वेळ लावला. घरात चूल पेटलेली नव्हती.

"कोस्केला, तू? ग्लेनच्या दफनाचं सांगायला आलास का? बुधवारी आहे, कळलंय मला."

"न्येमीबाई, तुमच्या यजमानांची ती बंदूक कुठे असते?"

"अंगणात कोल्हा आला का?"

"कुठे असते?"

त्यांनी मागच्या दाराकडे बोट केलं. मग बोट तसंच राहिलं. दाराआड झाडू होता, बर्फाचं फावडं होतं. भिंतीवर नळी टेकून टेकून पडलेला काळपट डाग होता.

बाई हळूच खुर्चीवर बसल्या. बाहेर कुठेतरी कोणी लाकडं फोडत होतं, त्याचे ठोके येत होते.

"तू नेलीस का?" त्यांनी विचारलं.

"माझ्याकडे आहे. पण मी नेली नाही."

"पहाटे होती." त्यांनी शालीचं टोक बोटाला गुंडाळलं. "मला माहीत आहे ना, होती. मी तिच्याकडेच बघत बसले होते." मग एकदम ताठ होऊन, जुन्या मास्तरणीच्या आवाजात त्या म्हणाल्या, "परत आणायची नाही. ऐकलंस? मी मागितली तरी द्यायची नाहीस."

रॉयने त्यांच्या फोनवरून त्यांच्या मुलीला फोन लावला. मुलगी अडीच तासांवर राहत होती. संध्याकाळी ती आली आणि आईला दोन बॅगांसकट घेऊन गेली. मंगळवारी तिचा फोन आला, आई पोटभर जेवली आणि पत्त्यांत तिने मला लबाडी करून हरवलं म्हणून.

फोन ठेवल्यावर रॉय जिन्याच्या पायरीवर बसला. सव्वीस वर्षं जे डोकं फक्त जे दिसतं ते लिहायला वापरलं होतं, त्या डोक्याने आता एक ओळ स्वतःहून लिहिली होती आणि ती खोडता येत नव्हती. एक बंदूक परत दिली, माणूस गेला. एक ठेवून घेतली, बाई जगली. कोण आणून ठेवतं, कसं आणून ठेवतं, हा प्रश्न त्याने बाजूला सारला. एवढंच खरं होतं की पुढची बंदूक आली तर ती कोणाची हे त्याला वेळेत ओळखावं लागणार होतं. ओळखूनही परत दिली तर काय होतं, ते त्याने रस्त्यापलीकडच्या स्वयंपाकघरात पाहिलं होतं.

बुधवारी ग्लेनचं दफन झालं. चर्चच्या तळघरात कॉफी आणि वेलदोड्याचा गोड पाव होता. रॉयने दोन्हीला हात लावला नाही.

"तू कालपासून काही खाल्लं नाहीस," परतताना आयला म्हणाली. "झोपतही नाहीस. रात्री तीनदा उठलास."

"चारदा."

"बघ, तेही मोजलंस." ती हसली, पण डोळे रस्त्यावरच होते. "शनिवारी खोपटीवर जा, रॉय. पासष्ट पूर्ण होतील तुला, आणि हंगामाचाही पहिला दिवस. ग्लेनलाही आवडलं असतं."

"यंदा मी बंदुकीला हात लावणार नाही."



गुरुवारी, तेरा तारखेला, ती सकाळी साडेआठला गावात गेली. काम आहे म्हणाली. तिची गाडी वळणाआड गेल्यावर रॉय खाली उतरला. चिकटपट्टी शाबूत. सही शाबूत. नऊ वाजून चाळीस मिनिटांनी त्याने दार उघडलं.

तेरा, अधिक न्येमीबाईंची एक, म्हणजे चौदा असायला हव्या होत्या. पंधरा होत्या.

ही रायफल त्याने कधी पाहिली नव्हती. आपल्या रस्त्यावरच्या सगळ्या बंदुका त्याला ओळखता येत, माणसांच्या चालीसारख्या. ही नव्हती. बनावट यंदाचीच होती; हीच त्याने उन्हाळ्यात गावातल्या बंदुकांच्या दुकानात काचेआड पाहिली होती. नळीला अजून कारखान्याच्या तेलाचा वास होता. घोड्याभोवतीच्या कडीला पांढऱ्या दोऱ्याचा एक तुकडा लोंबत होता, कापलेला. गाठ शाबूत होती.

ती गाठ त्याची होती. म्हणजे त्याने कचेरीतल्या सगळ्यांना शिकवलेली. मुद्देमालाच्या चिठ्ठीची.

त्याने मोजपट्टी घेतली, कॅमेरा घेतला. हात कामाला लावले की भीती जरा लांब उभी राहते. डावी बाजू, उजवी बाजू. खालच्या अंगाचा बारीक नंबर भिंगातून दोनदा वाचला आणि कागदावर लिहिला. मग पेचकस घेतला आणि दस्त्याच्या टोकाची पट्टी उघडली.

आत लाकडावर लायसन्सचा नंबर कोरलेला होता.

त्याचा स्वतःचा.

अंक त्याच्याच हातचे होते. सातच्या पोटात आडवी रेघ होती, तो काढायचा तशी. कोरीव खाचांत धूळ बसलेली होती.

त्याने ही बंदूक कधी विकत घेतली नव्हती. कधी हातात धरली नव्हती. कोरली नव्हती.

वर गाडीचा आवाज आला. दार उघडलं, बंद झालं. आयलाची हाक आली. आवाजात कित्येक दिवसांत न ऐकलेला आनंद होता.

"रॉय! वर ये. आणि आधीच सांगते, चिडायचं नाही!"

स्वयंपाकघराच्या टेबलावर एक लांब पुठ्ठ्याचं खोकं होतं. त्याला निळी फीत बांधलेली होती.

"चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्या दुकानात शिरले," ती म्हणाली. "दुकानदार मर्वला वाटलं मी रस्ता चुकले. शनिवारपर्यंत थांबणार होते, पण तुझं तोंड बघवेना. घे. उघड."

रॉय खोक्याच्या टोकाला चिकटवलेला कागद वाचत होता. त्याने खिशातून आपला कागद काढून शेजारी धरला. अंक एक एक करून जुळवले.

सगळे जुळले.

"आयला, ही परत दे."

"अरे, बघ तरी!"

"तू दुकानात ही डोळ्यांनी बघितलीस? किती वाजता?"

"दहाला. मर्वनं नंबर मोठ्यांदा वाचला, फॉर्मवर लिहिला. माझ्यासमोर आत ठेवली, माझ्यासमोर चिकटपट्टी लावली. रॉय, तू असा पांढरा का पडलास?"

दहाला तीच रायफल तळघरात होती. त्याच्या मांडीवर.

त्याने सुरीने फीत कापली. मर्वची चिकटपट्टी कापली. झाकण उघडलं.

आत माहितीपुस्तिका होती, कुलूप होतं, आणि फोममध्ये रायफलीच्या आकाराचा खड्डा होता.

आयलाने तोंडावर हात ठेवला. तिने खोकं उलटं केलं, हलवलं. "जड होतं," ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. "रॉय, गाडीत ठेवताना मला उचलवत नव्हतं."

त्याने तिचा हात धरला आणि तिला खाली नेलं. तिजोरी उघडीच होती. रायफल मेजावर पट्टी उघडून पडली होती. आयलाने तो कोरलेला नंबर पाहिला. ती दोन पावलं मागे सरली आणि तिची पाठ सौनाच्या भिंतीला लागली.

"आत ठेव," ती कुजबुजली. "ठेव आणि लाव दार."

त्याने पट्टी आवळली, रायफल आत ठेवली, दार लावलं, चाक फिरवलं. मग दोघांनी मिळून तळघरातलं लाकडाचं जुनं कपाट ओढत आणून तिजोरीच्या दाराला टेकवलं. दोघंही धापा टाकत होती. दोघांनीही एकमेकांकडे बघायचं टाळलं.

तो दोरा राहून राहून त्याच्या डोळ्यांपुढे येत होता.

अकरा वाजून पस्तीस मिनिटांनी त्याने कचेरीत फोन लावला. मुद्देमालाच्या खोलीत आता रोंडा होती. तिला कामाला त्यानेच लावलं होतं.

"काय हो साहेब! आठवण आली का धुळीची?"

"रोंडा, एक नंबर बघून दे. चोरीचा माल म्हणून कुठे नोंद आहे का एवढंच."

त्याने नंबर सांगितला. तिकडे टाइप करण्याचा आवाज आला. आयला त्याच्या शेजारी उभी होती, कान फोनजवळ आणून. तिचा श्वास त्याच्या गालाला लागत होता.

"चोरीत नाही," रोंडा म्हणाली. "थांबा. ही तर आपल्याकडेच दिसतेय. मुद्देमालात. चौथी मांडणी, वरचा खण." ती थांबली. "मी जाऊन बघते हं."

पावलं गेली. पावलं आली.

"खण रिकामा आहे. चिठ्ठी आहे फक्त, दोरा कापलेला. हे कोणी केलं आता?" तिचा आवाज बदलला. "आणि तारीख चुकलीये, साहेब. जमा झाल्याची तारीख पंधरा नोव्हेंबर टाकलीये. शनिवार. शनिवार अजून उजाडायचाय."

"कशाची केस आहे?"

"मृत्यू. एक."

"नाव वाच, रोंडा."

तिकडे कागद उलटल्याचा आवाज आला.

"वाच."

"आडनाव कोस्केला आहे," रोंडा म्हणाली. "पहिल्या नावाचा रकाना रिकामा आहे."